दाराशी दोघी

विमान अजून एकदाही उडालं नव्हतं, आणि त्याचं दारच उघडेना.

दोन देशांतल्या दोन कंपन्यांनी भागीदारीत स्वस्त तिकिटांची ही नवी विमानसेवा काढली होती. दुपारी सरकारी तपासनीस येणार होते. त्यांच्यासमोर उभ्या विमानातून सगळ्यांना झटपट बाहेर काढून दाखवायचं. जमलं तर परवाना, नाहीतर पहिलं उड्डाण लांबणीवर. त्याच उड्डाणात धाकटीनं आईसाठी खिडकीजवळची जागा धरली होती. थोरली सीमेपलीकडे दिलेली, आणि महागड्या तिकिटांपायी मायलेकींची भेट नुसती फोनवर. धाकटी इथली क्रू-ट्रेनर. सरावाला खोटे प्रवासी लागतात, त्यात वयस्करही हवेत, म्हणून तिनं आईलाच आणून बसवलं होतं.

सकाळच्या सरावात गजर झाला तरी दार बंदच. इकडची एअर होस्टेस हँडलला हात लावून उभी आणि समोर पलीकडच्या कंपनीची मुख्य होस्टेस, जिला सगळे पाहुणी म्हणत. दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

मागून आई ओरडली, "अगं, दाराला आमंत्रण द्यायचंय का?"

धाकटी चिडायची, ती चक्रावलीच. पोरी हुशार, नियम तोंडपाठ, मग घोडं कुठे पेंड खातंय? ती दाराशी गेली.

"पाहुणी, तू कशाची वाट बघत होतीस?"

"दाराजवळची आधी बाहेर बघून 'आग नाही' म्हणते. मग मी हुकूम देते."

"आणि तू गं?"

"मॅडम, तुम्हीच शिकवलंत ना! हुकूम आल्यावरच बाहेर बघायचं."

धाकटीला हसू फुटलं. दोन्ही रिती बिनचूक, आणि दोन्ही एकत्र आल्या की दार बंद! दोन घरचा पाहुणा उपाशी तो हा असा. पण तपासनीस दुपारीच येणार होते. तिनं दोन्हीकडच्या साहेबांना फोन लावला. दोघंही म्हणाले, "त्यांना बदलायला सांगा."

इतकी वर्षं घोटून घेतलेला धडा सोडताना तिला वाईट वाटलं. पण आई पट्टा लावून अजून तशीच बसली होती.

"आपलं सोडा," ती क्रूला म्हणाली. "आजपासून पाहुणीची रीत."

पाहुणी पहिल्यांदाच मोकळं हसली. मग जेवायच्या सुट्टीपर्यंत सगळ्यांनी तेवढंच घोकलं.

दुपारी गजर झाला. "आग नाही!" "उघड!" दार उघडलं, घसरगुंडी फुगली, माणसं भराभर खाली गेली. तपासनिसांनी खुशीत मान डोलावली, तशी धाकटी धावत उतरली. आई घसरगुंडीच्या पायथ्याशी बसूनच होती, केस विस्कटलेले.

"लागलं का गं?"

"छे! मला सांग, थोरलीच्या गावीही असंच उतरायचं?"

"नाही गं, तिथे जिना लावतात."

आईचा चेहरा पडला. "हात्तिच्या! ती खाली उभी असती, तर थेट तिच्या मिठीतच गेले असते."