आधी पेटी उघडून दाखवा

मी एक जुनी मतपेटी आहे. आज मी रागात आहे, मित्रांनो, म्हणून गोड बोलणार नाही.

पोलादी पत्रा कापून, वाकवून, सांधून एका कारखान्यात मला घडवलं. माझ्या झाकणावर बोटभर लांबीची फट आहे आणि फटीच्या आत एक झडप. कागद आत जातो, परत बाहेर येत नाही. ही झडप बसवताना कारागीर म्हणाला होता, "हिच्या पोटात गेलेलं कुणी चोरू शकणार नाही." मला फार अभिमान वाटला होता.

त्या वर्षी देशात प्रथमच सगळ्यांना मताचा हक्क मिळाला होता. त्याआधी फक्त जमीनवाले आणि शिकलेले मत देत. माझी नेमणूक नदीकाठच्या एका शाळेत झाली. केंद्रप्रमुख होते गणिताचे मास्तर. लोक येण्याआधीच त्यांनी घाईघाईने मला लाखेचं सील ठोकलं.

रांगेत पहिली उभी होती पलीकडच्या वस्तीतली दाई. अकरा बायकांना घेऊन ती नावेतून आली होती.

"मास्तर, आधी पेटी उघडून दाखवा. रिकामी आहे का बघू दे."

"मावशी, मी गणित शिकवतो. शून्य म्हणजे काय ते मला कळतं."

"तुम्हाला कळतं हो. आम्हाला दाखवा ना!"

रांग हटेना. शेवटी मास्तरांनी कुरकुरत सील फोडलं. आत त्यांचाच चष्मा होता, घरासकट! सकाळपासून ते शोधत होते.

"शून्याला काड्या फुटल्या की काय, मास्तर?" दाई म्हणाली आणि अख्खी शाळा हसली. मास्तरांचे कान लाल झाले, पण नवं सील त्यांनी सगळ्यांदेखत लावलं.

दाईने मतपत्रिकेच्या आठ घड्या घातल्या, औषधाच्या पुडीसारख्या. ती आत सोडताना माझ्या झाकणावर थाप मारून पुटपुटली, "सांभाळ गं बाई. आमच्या वस्तीत दवाखाना येऊ दे. देश पुढे जाणार म्हणतात, आम्हालाही घेऊन जाऊ दे."

मी सांभाळलं. मोजणीच्या दिवशी वर्तमानपत्रात माझा फोटोही आला.

आणि मग? काही वर्षं गोदामात गंज खाल्ला. नंतर कुणीतरी मला निळा रंग फासला, पाठीला चार भोकं पाडली आणि एका सरकारी कचेरीच्या भिंतीवर स्क्रूने आवळलं. पोटावर लिहिलं, 'तक्रारपेटी'. मोठ्ठं कुलूपही घातलं.

एके दिवशी फटीतून आठ घड्यांचा कागद पडला. घडी मी लगेच ओळखली. कागदाचा स्वभाव असा, की दाब गेला की तो हळूहळू उलगडतो. चार दिवसांनी मला वाचता आलं : 'दवाखाना बांधला, उपकार झाले. लसीसाठी फ्रीज आला. वीज आली नाही. आधी तार टाका.'

तो कागद कुणी काढला नाही. दुसरा आला. तिसरा आला. पाचव्यात लिहिलं होतं : 'फ्रीजमध्ये मी दवाखान्याची रजिस्टरं ठेवते. उंदरांपासून तरी वाचतात.' मला हसू आलं. आठव्यात मात्र लिहिलं होतं : 'गोवराची साथ आली. लस होती, पण गरम होऊन वाया गेलेली. तीन मुलं गेली.'

तीन मुलं गेली, मित्रांनो, आणि तो कागद माझ्या पोटात, कारकुनाच्या टेबलापासून चार पावलांवर पडून होता! जी झडप मत सांभाळायला बसवली, तिनेच मला थडगं केलं.

आज दाई पुन्हा आली. केस पांढरे झालेत, आवाज तोच.

"पेटी उघडून दाखवा."

"किल्ली साहेबांकडे, मावशी."

"साहेब कुठायत?"

"बदली झाली."

"कधी?"

कारकुनाने मान खाजवली. "मी आलो त्याच्या आधी. मला इथे सहा वर्षं झाली."

"मग फोडा."

"सरकारी वस्तू आहे, फोडता येत नाही."

"मग सरकारी किल्ली आणा! मतदानाच्या वेळी रिकामी आहे का बघायचं होतं, आता भरलेली आहे का बघायचंय. तोवर मी हलत नाही."

ती माझ्यासमोर उभी राहिली. तिच्यामागे एक बाई, मग एक सुतार, मग आणखी दोघे. रस्त्याची तक्रार घेऊन आलेले एक म्हातारे गृहस्थ तिच्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी चष्मा पुसला.

"मावशी, तुमच्यामुळे मी एकदा सील फोडलंय," ते म्हणाले आणि शिपायाकडे वळले. "हातोडी आहे का रे?"

मित्रांनो, मत टाकण्याआधी पेटी रिकामी आहे का ते जरूर बघा. पण मत टाकून घरी जाऊन झोपू नका. माझी झडप फक्त आतल्या बाजूला उघडते. आत गेलेलं बाहेर काढणं तुमच्याच हातात आहे, आणि त्यासाठी पुन्हा पुन्हा यावं लागतं.

कुलपावर पहिला घाव बसलाय. पाठीचे स्क्रू करकरतायत, दुखतंयसुद्धा.

थांबू नका, मास्तर. मारा.