आधी बसा

सहावा तास. बाईंचा घसा बसला होता आणि पायांचे तुकडे पडले होते. परदेशी नोकरीला निघालेल्या नर्सना तिथली भाषा शिकवायची, तीही त्याच भाषेतून. वर्गात मायबोलीचा एक शब्द चालायचा नाही. हा संचालकांचा नियम, आणि त्याच्या राखणीला भिंतीवर कॅमेरा. बाईंना दोनदा ताकीद मिळाली होती. तिसऱ्यांदा सापडलात तर नारळ, असं त्यांना स्वच्छ सांगितलेलं. मग काय, 'ताप' समजवायला बाई कपाळाला हात लावून कण्हायच्या. 'उलटी'चं तर विचारूच नका. या वयात ही सोंगं!

समोर थोरली सिस्टर उभी होती. बावीस वर्षं वॉर्डात काढलेली. उद्या तिची परीक्षा, तिसरी आणि शेवटची. नापास झाली की जाणं कायमचं राहिलं. दर वेळी तिला एकच प्रश्न नडायचा: रुग्ण गेल्याचं नातेवाइकाला सांगा. बाई परक्या भाषेत समजावून थकल्या. सिस्टर नुसती मान डोलवायची आणि बोलायची वेळ आली की मिठाची गुळणी धरायची.

बाईंनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. खड्ड्यात गेला तो नियम, असं त्यांच्या मनात आलं.

"आपल्या भाषेत सांगा," त्या म्हणाल्या. "वॉर्डात सांगता तसं."

सिस्टरने एक खुर्ची पुढे ओढली. "आधी बसा," ती हळू म्हणाली. "मी इथेच आहे. आम्ही खूप केलं हो, पण बाबा गेले."

वर्गातल्या पोरींनी डोळे टिपले. बाईंचेही डोळे भरले. मग त्यांनी तीच वाक्यं एकेक करून परक्या भाषेत म्हणवून घेतली. सिस्टर दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा घडाघडा बोलली, खुर्ची ओढण्यासकट. शब्द तिला सगळे येतच होते; सुरुवात कुठून करता, एवढंच कुणी विचारलं नव्हतं.

तास सुटला आणि बोलावणं आलंच. संचालक एरवी चहा हवा का, हेही त्या परक्या भाषेतच विचारायचे. आज त्यांनी टेबलावरचा कागद उलटा केला आणि समोरची खुर्ची दाखवली.

"आधी बसा, बाई," ते आपल्या भाषेत म्हणाले.

बाई बसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच बसायला मिळालं होतं. पुढचं काही त्यांना सांगायची गरज नव्हती.