हनुवटीला लागणारा ओटा

फोटो ती क्षणात काढायची. त्याआधी खोली उभारण्यात मात्र महिनेच्या महिने जायचे. पुठ्ठा, थर्माकोल, जुन्या चादरी आणि बादलीभर खळ, एवढ्या सामानावर ती भाड्याच्या गोदामात अख्खं घर उभं करायची, फोटो काढायची आणि मोडून टाकायची.

यंदा तिनं लहानपणीचं स्वयंपाकघर करायला घेतलं. ते घर केव्हाच विकलं गेलं होतं, आईवडीलही राहिले नव्हते. फोटोत बसवायला उरला होता थोरला भाऊ, तोही परगावी.

"सगळ्यांना घेऊन ये," तिनं फोनवर सांगितलं.

तो एकटाच आला. "पोरांच्या परीक्षा आहेत गं," म्हणाला. दिवे लागले तसा आत शिरला आणि थबकला. ओटा त्याच्या हनुवटीला लागत होता. पातेली पिंपाएवढी, मिठाची बरणी कवेत मावणार नाही अशी.

"मापं चुकलीत तुझी. ओटा एवढा उंच कुठे होता?"

"होता, दादा. आपण केवढेसे होतो!"

तो खुर्चीवर चढून बसला, तर पाय लोंबकळत राहिले. पन्नाशीचा टकलू माणूस एकदम पोरासारखा दिसू लागला.

"मग आईला केवढी करणार होतीस?" त्यानं हळूच विचारलं.

फडताळं, खिडकीचे गज, सगळं तिनं जिवापाड मेहनत घेऊन केलं होतं. ओट्याशी उभ्या राहणाऱ्या बाईचा विचार करायला तिचं मन धजावलंच नव्हतं.

"हलू नकोस," म्हणत तिनं बटण दाबलं. कॅमेऱ्याआड होती म्हणून बरं, डोळे दिसले नाहीत.

"आता दोघांचा काढ. ये, सरकतो मी."

टायमर लावून ती धावली, तोच त्याचा फोन वाजला. घरचा होता. तो खाली उतरला, पाठ करून बोलू लागला. कॅमेऱ्यानं आपलं काम केलं.

"गाडी चुकेल, निघतो. पुढच्या वेळी नक्की काढू हं," म्हणत तो घाईनं गेला. गोदाम आठवड्याअखेर रिकामं करायचंय, हे तिनं सांगितलंच नाही.

प्रदर्शनात त्याचा एकट्याचा फोटो लागला. लोकांनी तोंड भरून कौतुक केलं. दुसरा तिनं त्याला पाठवला: तो पाठमोरा, आणि ती एक पाय खुर्चीवर टाकून त्याच्याकडे बघतेय.

"हा कशाला ठेवलास? बिघडलाय की," तो फोनवर म्हणाला.

"राहू दे," ती म्हणाली. "आपल्या दोघांचा एवढाच आहे."