मावशीची वेल

ताईच्या हातात कला आहे, असं सगळे म्हणतात. त्या हातांनी तिने काय केलं ते सांगते.

आईची थोरली बहीण आठ वर्षांची असताना तापाने गेली. टाके शिकायला दिलेलं तिचं फडकं मागे राहिलं. वर मुळाक्षरं, खाली घर, झाड आणि बदक म्हणून भरलेली एक कोंबडी. कडेने वेल, ती तिसऱ्या बाजूला मध्येच थांबलेली. म्हातारपणी आईची नजर गेली. फडक्याला काच कधी लावलीच नाही, कारण आई रोज वेलीवरून बोट फिरवायची. टाके संपले की म्हणायची, "इथपर्यंत होती बघ."

चौकटीला वाळवी लागली म्हणून मी ते ताईकडे दिलं. तिचं फ्रेमचं दुकान आहे. नुसती चौकट बदल, असं बजावलं होतं.

आज आईला घेऊन फडकं आणायला गेले. वेल पुरी झाली होती.

"जुन्या भरतकामाच्या प्रदर्शनात ठेवायचंय," ताई म्हणाली. "अर्धवट वस्तूला कोण विचारतं? मुद्दाम तिच्यासारखे वेडेवाकडे टाके घातलेत. दोरा चहात बुडवून जुना केला. मागच्या गाठीसुद्धा तिच्यासारख्याच."

"आरती ओवाळू?"

"तू बोलू नकोस. जन्मात एक टाका धड घातला नाहीस."

"म्हणून तर माझ्या हातून हे पाप झालं नसतं."

मी कात्री उचलली. "दाखव, तुझं कुठून सुरू होतं. उसवते."

ताई वाकली. "या पानापासून." फडकं उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. "नाही, थांब. या फुलानंतर." मग तिचे टाके तिलाच ओळखू येईनात. फोटो कुणाकडेच नव्हता. घरच्या भिंतीचा फोटो कोण काढतं? मावशीचा एक जरी टाका उसवला असता तर? मी कात्री ठेवली.

तोवर बाकावर बसलेली आई चाचपडत टेबलापाशी आली. बोट वेलीवरून निघालं, कोपरे वळलं आणि जिथून निघालं तिथेच परत आलं. तिने पुन्हा फिरवलं.

"कुठे थांबली होती गं ती?"

ताईने तिचं बोट धरून एका कळीवर ठेवलं. मघाशी मला दाखवलेल्या दोन जागांपैकी ही एकही नव्हती.

"हं, इथेच," आई म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला.

एरवी माझ्या तोंडापुढे साऱ्या घराने हात टेकलेत. आज मी मूग गिळून उभी राहिले.