सगळ्याच कपांना पट्टी

गोळ्यांचा महिना संपला तेव्हा मला वाटलं, सुटले एकदाची. कसली सुटतेय! लेकीने रिकामी बाटली टाकून दिली, आणि तपासणीचं नाव काढलं की तिला ओटा पुसायचं आठवायला लागलं.

ती दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. हत्यारं धुताना एक टोकदार हत्यार हातमोज्यातून बोटात गेलं. ज्याच्या तोंडातून ते निघालं, त्याला एचआयव्ही होता. त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या. मळमळायचं, तरी तिने एकही चुकवली नाही. पण तेव्हापासून हिचा कप वेगळा, त्यावर पांढरी चिकटपट्टी. आणि पोटच्या पोरीला जवळ घेणं बंद.

"अगं, कपातून नाही होत तो. तुला कळत नाही का?"

"कळतं गं. पण मन धजत नाही."

मीही नर्स म्हणून जन्म वॉर्डात काढला. काचेच्या सिरिंजा उकळायचो, सुयांना दगडावर घासून धार लावायचो. बोटं टोचून घ्यायचे आणि घरी येऊन त्याच हातांनी हिची वेणी घालायचे. तेव्हा आम्हाला कोण तपासणार? हिला सगळं हाताशी, तर बाईसाहेबांना सवड नाही!

"पुढच्या आठवड्यात नक्की जाते, आई."

"तुझा पुढचा आठवडा मुलखाचा लबाड आहे."

परवा सकाळी कपाट उघडलं, तर घरातल्या यच्चयावत कपांना पांढरी पट्टी. नात ऐटीत म्हणाली, "आता सगळे आईचे. मी आईच्या कपात दूध प्यायले."

लेक मटकन खाली बसली. "कुठल्या कपात? आई, माझा कुठला होता?"

"कुठलाही असेना! ऊठ, चपला घाल."

तपासणी केंद्रात सुई पाहून तिने तोंड फिरवलं.

"दिवसभर लोकांना 'घाबरू नका' सांगतेस ना?"

"ते दातांचं असतं!"

बराच वेळ बसवून ठेवल्यावर समुपदेशक बाईंनी आत बोलावलं. "आज काही आढळलं नाही. पण गोळ्या घेतल्यावर कधी कधी उशिरा कळतं, म्हणून आणखी एकदा यायचं. पक्कं तेव्हाच सांगता येईल."

"मग तोवर कप..."

मी कपाळावर हात मारला.

"कप खुशाल एकत्र ठेवा, ताई. मुलीला जवळ घ्या."

लेकीने अशी मान डोलावली, जणू हे पहिल्यांदाच ऐकतेय. मी इतके दिवस कंठशोष केला तो वाया. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय!

घरी येऊन ती पट्ट्या सोलायला बसली. नात मागून येऊन मांडीत शिरली. लेकीचे ओले हात क्षणभर हवेतच राहिले. मग तिने पोरीला इतकं घट्ट धरलं, की पोरगी म्हणाली, "आई, दुखतंय."

सोललेल्यातलीच एक पट्टी घेऊन मी दुसऱ्या तपासणीची तारीख कपाटावर चिकटवली. अगदी तिच्या डोळ्यांसमोर.