पुलावरची पोटं

भाऊजींना पुलापेक्षा पुलाच्या फोटोंचं कौतुक जास्त. कालव्यावरचा तो पायी जायचा पूल त्यांनीच आखलेला. बारीक अंगाचा, मधे एकही खांब नाही. "पूल कसा, पिसासारखा हलका!" हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं होतं की त्यांच्या मेहुणीला पिसांचाच वीट आला होता.

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. कामावर ती इमारतींची, पुलांची कंपनं मोजायची. तिची सही झाल्याशिवाय पूल उघडणार नव्हता, आणि पलीकडे शाळा होती.

झोका एकदा ढकलून सोडून द्या. प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा जरासा लहान होत जातो. किती लहान, ते मोजलं की झोक्याचं डॅम्पिंग कळतं, म्हणजे हलणं गिळून टाकायची त्याची ताकद. पुलाचंही तसंच. धाकटीने सकाळी पुलाच्या मधोमध तीन पायांच्या तिकाटण्याला वाळूचं पोतं टांगलं, काठावर येऊन दोरी ओढली. धप्प! काठावरच्या यंत्राच्या पडद्यावरची रेघ वर-खाली नाचू लागली आणि नाचतच राहिली. प्रत्येक उंचवटा जवळजवळ आधीच्याएवढाच. पुलाला काही म्हणजे काही गिळता येत नव्हतं.

"तुझं यंत्र बिघडलंय," भाऊजी फोनवर म्हणाले. "मी येतो. माझ्यासमोर मोज."

आले ते लवाजमा घेऊन. ठेकेदार, फोटोवाला आणि ज्यांचं काम फक्त माना डोलावण्याचं असतं असे दोघे-तिघे. सगळे जाऊन पुलाच्या मधोमध ऐटीत उभे राहिले.

"तिथून बाजूला व्हा, भाऊजी."

"का? लाजतं का तुझं यंत्र?"

माना डोलल्या. धाकटीने पुन्हा टांगलेल्या पोत्याची दोरी ओढली. रेघेने दोन-चार उड्या मारल्या आणि ती गपगार आडवी झाली.

"बघितलंस?" भाऊजी काठावरच्या मेहुणीला ऐकू जावं म्हणून ओरडले. "पूलसुद्धा माणूस ओळखतो!"

"पूल नाही हो, तुमची पोटं! माणूस उभा राहिला की त्याचे गुडघे, त्याचं पोट, सगळं मऊ. पुलाचं हलणं तुम्हीच गिळलंत. हे मोजमाप तुमचं झालं, पुलाचं नाही."

ठेकेदाराने गुपचूप पोट आत ओढलं.

"मग बिघडलं कुठे? पुलावर माणसं असणारच की!"

"उभी माणसं गिळतात, चालणारी उलट पुलाला हलणं भरवतात. शाळा सुटल्यावर पोरं काय पुतळे होऊन उभी राहणार आहेत? चालून दाखवा. माझ्या टाळीवर."

"ताईला सांगू का, मला कवायत करायला लावतेस म्हणून?"

"ताईच म्हणते, ह्यांना जरा चालवत जा."

हसत-खिदळत वरात निघाली. धाकटी पडद्यावरच्या रेघेच्या तालात टाळ्या देत होती, म्हणजे पुलाच्याच तालात. आधी जमीन नुसती मऊ लागली. मग ती पावलांना सामोरी येऊ लागली. फोटोवाल्याचं हसू विरलं. भाऊजींनी दोन्ही हातांनी कठडा धरला.

"थांबव! थांबव ह्याला!"

"त्याला थांबता येत नाही, हेच तर सकाळपासून सांगतेय. तुम्ही थांबा."

सगळे जागच्या जागी खिळले आणि पूल निवला. पण आता पाऊल उचलायला कोणी तयार होईना. शेवटी एकेक जण, झोपलेल्या बाळाजवळून जावं तसा, चवड्यांवर काठाला आला.

धाकटीने भाऊजींना शेजारी बसवून रिकाम्या पुलावर पुन्हा पोतं पाडलं. भाऊजी कारणं सांगू लागले. पोलादच हलकं आलं, वाळूच जड आहे, वारा आहे. कारणं संपली. पूल अजून हलतच होता.

"खालून धक्के गिळणारे डबे बसवावे लागतील," धाकटी म्हणाली. "तोवर सही नाही."

भाऊजींनी फोटोवाल्याकडे पाहिलं. "फोटोत दिसतील का गं ते?"

"दिसणार."

भाऊजी ठेकेदाराकडे वळले. "बसवा," ते म्हणाले.

धाकटीने यंत्र आवरलं. पोतं मात्र तिकडे मधोमधच पडलं होतं.

"भाऊजी, तेवढं पोतं आणता का?"

भाऊजींना एकदम फोन आठवला. बोलत बोलत ते गाडीकडे चालू लागले. फोन कानाला उलटा लावला होता.