लवकर उघडलेलं दार

"याच दारातून आणतील ना गं त्याला?" सासूबाईंनी पुन्हा विचारलं, आणि सिस्टरनं पुन्हा हो म्हटलं.

या दाराच्या आतल्या बाजूला तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. सर्जनच्या हातात हवं ते हत्यार हव्या त्या क्षणी ठेवायचं, हे तिचं काम. बाहेरच्या बाकावर ती आज पहिल्यांदाच बसली होती आणि तो इतका टणक असेल, असं तिला कधी वाटलं नव्हतं. घरचं माणूस टेबलावर असलं की स्टाफनं आत यायचं नाही, असा नियम होता. तिनं कालपर्यंत हुज्जत घातली होती. मोठ्या सरांनी एवढंच म्हटलं, "सिस्टर, तुम्ही आत असलात तर मी पेशंटकडे बघू की तुमच्याकडे?" मग ती बाहेर थांबली.

टेबलावर तिचा नवरा होता, सकाळीच आत नेलेला. घरांना रंग देणं हा त्याचा धंदा. लग्नाला महिना झाला नाही तोच तोही तिला सिस्टर म्हणायला लागला होता. सासूबाईंनी कानांवर हात ठेवले, बायकोला कुणी असं म्हणतं का रे, म्हणाल्या. तर म्हणे, अख्खं गाव म्हणतं, मी एकट्यानंच काय घोडं मारलंय? तेव्हापासून घरीदारी तेच नाव पडलं.

वर्षभरापूर्वी त्याची पाठ दुखायला लागली. जन्म शिडीवर काढलेल्या माणसाची पाठ दुखणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं. मग जेवण जाईना, तेव्हा पित्त ठरलं. वजन उतरलं, तेव्हा कुणी साखर तपासली, कुणी काळजी करू नका म्हणालं. एका डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, दुसऱ्यांनी गोळ्या बदलल्या. दुखणं कुठेतरी खोल दडी मारून बसलं होतं आणि सगळे वरवरचे पोपडे खरवडत होते. शेवटी ते त्यालाच दिसलं. आरशासमोर उभा राहून तो म्हणाला, "सिस्टर, इकडे ये. डोळ्यांच्या पांढऱ्यात कुणीतरी पिवळ्याचा थेंब टाकलाय बघ."

तिनं पाहिलं आणि त्याच दिवशी त्याला मोठ्या सरांकडे नेलं. स्वादुपिंडात गाठ होती. अडलेल्या पित्ताला आधी नळी घालून वाट करून दिली, कावीळ उतरली. मोठ्या सरांनी स्कॅन उजेडाला धरून कितीतरी वेळ पाहिला. गाठ निघेल असं वाटतंय, पण पोट उघडल्याशिवाय मी शब्द देणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. निघण्यासारखी असली तर हे ऑपरेशन दिवसभराचं. संध्याकाळ होणार. नसली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही, कारण ते ऐकणारीला ठाऊक होतं.

नसली तर पोट पुन्हा शिवतात आणि तासाभरात दार उघडतं.

बाहेर बसलेल्यांना हे कळत नाही. दार लवकर उघडलं की त्यांचे चेहरे फुलतात. झालंसुद्धा? इतक्यात? मग सोपंच असणार. सिस्टरनं असे कितीतरी चेहरे पाहिले होते. म्हणून थिएटरच्या मुलींमध्ये एक न ठरवलेली रीत पडली होती. अशा वेळी दाराबाहेर पडायचं झालंच तर खाली बघत जायचं, कुणाच्या नजरेला नजर द्यायची नाही. बोलायचं ते सर बोलतील.

अशा दिवशी ती घरीही लवकर पोचायची. आरंभी नवरा खूश व्हायचा, बरं झालं लवकर सुटलीस म्हणायचा. एकदा ती त्याच्या अंगावर खेकसली आणि मग सगळं सांगून रडली. त्यानंतर ती अवेळी घरी आली की तो काही विचारत नसे. हातातला ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवी, हात पुसून चहा टाकी आणि तिच्यासमोर गप्प बसून राही. आपलं माणूस म्हणतात ते असं.

परवा दाढी करता करता तो म्हणाला होता, "मला एक वचन दे. पेशंटशी बोलतेस तसं गोडगोड माझ्याशी बोलायचं नाही. जे असेल ते सांगायचं." तिनं वचन दिलं. देताना काही वाटलं नाही, कारण तेव्हा तिला संध्याकाळच दिसत होती.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांच्या बायकोला पहाटेच आत नेलं होतं आणि अजून पत्ता नव्हता. ते सारखे उठत होते, दारापर्यंत जात होते, परत येऊन बसत होते. सासूबाईंनी त्यांना थर्मासमधला चहा दिला आणि धीराचे चार शब्द सांगितले.

तेवढ्यात दार उघडलं. हाताखालची नवी नर्स बाहेर आली. सिस्टरनंच तिला हातमोजे कसे चढवायचे ते शिकवलं होतं. पोरगी आपल्या चपलांकडे बघत भिंतीच्या कडेनं निघून गेली.

सिस्टरच्या कानांत एकदम काहीतरी बंद झालं. सासूबाई काहीतरी बोलत होत्या, त्यांचे ओठ हलताना दिसत होते. मग मोठे सर आले. मास्क गळ्यात होता. त्यांनी तिला बाजूला खिडकीपाशी नेलं.

"लिव्हर?" तिनंच विचारलं.

"सगळीकडे. बारीक बारीक ठिपके. स्कॅनमध्ये दिसण्याइतके मोठे नव्हते." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "हात लावला असता तर उरलेले दिवसही गेले असते. मी लगेच बंद केलं."

तिनं मान हलवली. बरोबर केलंत सर, असंही म्हणाली. दुसऱ्या कुणाच्याही बाबतीत तिनं मनात तेच म्हटलं असतं. पण आज तिला त्यांचा राग आला, भयंकर राग आला. अजून थोडं चाचपून बघायचं होतं, निदान दुपारपर्यंत तरी आत ठेवायचं होतं. सरांना ते दिसलं असावं. ते तसेच उभे राहिले आणि मग आत गेले.

ती बाकाकडे परतली तेव्हा सासूबाई पदरानं डोळे पुसत हसत होत्या. त्यांनी सुनेचे दोन्ही हात धरले. "झालंसुद्धा! मी म्हटलं नव्हतं, माझ्या लेकाचं हाड चिवट आहे? उगाच दिवसभराची भीती घालून ठेवली मेल्यांनी." मग त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे वळून म्हणाल्या, "तुमचंही होईल हो आता. आमचं बघा ना, गेला काय नि आला काय."

गृहस्थ कसनुसं हसले. "नशीबवान आहात. आमचं अजून चाललंच आहे."

सिस्टरनं त्यांच्याकडे पाहिलं. तिला त्यांचा हेवा वाटला. त्यांची बायको अजून आत होती, तिच्यावर अजून कुणीतरी मेहनत घेत होतं. हे त्यांना सांगावं असंही वाटलं, पण ते सांगायचं तर शेजारी बसलेल्या सासूबाईंनाही कळलं असतं. ती म्हणाली, "वेळ लागतोय ते चांगलं असतं काका," आणि सासूबाई काही विचारायच्या आत शुद्धीवर आणायच्या खोलीकडे वळली. तिथे तिला कुणी अडवलं नाही.

खोलीत दोन खाटा होत्या, एक रिकामी, दुसरीवर तो. ही खोली मागे त्यानंच रंगवली होती. खिडकी पूर्वेला. समोरच्या भिंतीनं त्याला आठवडाभर छळलं होतं. सकाळचं ऊन थेट तिच्यावर पडतं आणि ब्रशचा एकेक फटका उघडा पडतो, असं तो रोज घरी येऊन करवादायचा. दुपार झाली की तीच भिंत अशी साळसूद दिसते की काही विचारू नकोस. तरी रंगाचे तीन हात दिल्यावरही सकाळचे फटके राहिलेच होते.

तिनं नाडी पाहिली, सलाईनचे थेंब पाहिले, पांघरूण सारखं केलं. हाताला सवयीचं काम मिळालं की बरं असतं. मग ती स्टुलावर बसली. त्याच्या नखांच्या कडांना अजून पांढरा रंग होता. कितीही घासलं तरी तो काही निघत नसे.

काही वेळानं त्याच्या पापण्या हलल्या.

"सिस्टर."

"इथेच आहे."

"किती वाजले?"

तिला ठाऊक होतं तो हेच विचारणार. वचन आठवलं. तोंड उघडलं तेव्हा तिला खरंच वाटत होतं की आपण खरं सांगणार आहोत.

"पाच वाजून गेले," ती म्हणाली. "झोपा बघू आता."

अगदी पेशंटशी बोलतात तसं. त्याची नजर हळूहळू छतावरून खाली आली आणि समोरच्या भिंतीवर थांबली. भिंत उन्हानं भरली होती. ब्रशचे फटके दिसत होते, आडवे, एकाखाली एक. तो ते बघत राहिला. तिनंही मान वळवून पाहिलं, आणि मग तिला कळलं की आपण काय बोललो.

"आई बाहेर आहे?" त्यानं विचारलं.

"हो."

"खूश असेल."

तिनं मान हलवली.

"असू दे मग," तो म्हणाला. "दोन दिवस असू दे."

त्यानं डोळे मिटले. तिला वाटलं, पुन्हा गुंगी आली. पण त्याचा हात पांघरुणावरून सरकत आला आणि तिच्या मनगटावर स्थिरावला, नाडी बघावी तसा.

"पडदा ओढ गं तेवढा," तो म्हणाला. "संध्याकाळचं ऊन फार डोळ्यांवर येतंय."

ती उठली आणि तिनं पूर्वेच्या खिडकीचा पडदा ओढला.